बाहेरून कुलूप

साईनगर, अमरावती
९ जुलै २०२४

ती. आत्यास,
दामिनीचा साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर मी बोलत होते आणि तू नुसतं 'हो हो, बरं बरं' करत होतीस, तेव्हाच मी ओळखलं की तुला एक अक्षर ऐकू आलेलं नाही. कानातलं मशीन पुन्हा डबीत गेलं ना? असू दे. लिहूनच सांगते. व्हॉट्सॲपचं नाव काढलं की तुझ्या कपाळाला आठ्या पडतात, म्हणून पोस्टात जाऊन पाकिटंच आणून ठेवली आहेत.

सासूबाई गेल्यापासून आमच्या घराचा ताळच सुटला आहे. रागिणी शाळेतून आली की त्या दारात असायच्या. तिला जेवू घालायचं, तिची बडबड ऐकायची, दुपारी तिला कुशीत घेऊन झोपायचं, हे सगळं त्यांचं खातं होतं. मी कधी लक्षसुद्धा घातलं नाही. आता विपुल तिकडे गडचिरोलीत, विजेच्या लाइनवर. महिन्यातून एकदा येतो, कधी तेही नाही. माझी कोचिंग क्लासमधली नोकरी दिवसभराची. रागिणीची शाळा सकाळची. दुपारी व्हॅन तिला सोडते त्या वेळी मी स्कुटी पिटाळत घरी येते, तिला वाढते आणि तशीच परत निघते. मग संध्याकाळपर्यंत ती एकटी.

आठ वर्षांची पोर गं. मी चप्पल घालायला लागले की माझी ओढणी धरते. "मले भेव लागते आई, तू नको जाऊ," म्हणते. कशाचं भेव? चोराचं? नाही. भुताचं? नाही. मग कशाचं? तर म्हणते, "घराचं." आता घराचं भेव म्हणजे काय समजायचं मी?

पहिले काही दिवस खालच्या मजल्यावर घरमालकीण गोदाबाईंकडे बसवलं. त्या मुलाकडे नागपूरला गेल्या, खालचं घर बंद झालं. शेजारी एक दिवस ठेवली, तर दुसऱ्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळलं की हे रोज जमायचं नाही. त्यात गल्लीतल्या बायका सांगतात की दुपारी एक माणूस पत्ता विचारल्यासारखं करून दारं वाजवत फिरतो. क्लासमध्ये माझं कशात चित्त लागत नाही. प्रवेशाला आलेल्या पालकांना मी परवा चुकीची वर्गखोली सांगितली.

ही नोकरी मला दहा वर्षं घरी बसल्यावर मिळाली आहे आत्या. मला ती सोडवत नाही आणि पोरीला असं टाकून जाववतही नाही. तू एवढी वर्षं मुलींच्या शाळेत काढलीस, काय करू ते सांग. तू इकडे आलीस तर रागिणी हरखून जाईल. पण तुझ्यामागे तुझं घर आहे, ते मला कळतं.

तुझ्या कानांचं तिला सांगितलेलं नाही. तू नको म्हणालीस ना. "अकोल्याची आजी माझं सगळं ऐकते," असं ती सगळ्यांना सांगत असते.

तुझी,
दामिनी


जठारपेठ, अकोला
१७ जुलै २०२४

चि. दामिनीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. अक्षर अजून कोंबडीचे पाय ते कोंबडीचे पायच. एवढ्या पालकांशी बोलतेस, अक्षरालाही थोडं वळण लाव.

आता ऐक. घराचं भेव वगैरे मुलांचं बोलणं असतं, त्याचा कीस काढायचा नाही. शाळेच्या पहिल्या दिवशी गळा काढणाऱ्या पोरी मी आयुष्यभर पाहिल्या. आई फाटकाच्या बाहेर गेली की घटकाभराने त्याच पोरी एकमेकींच्या वेण्या ओढत असतात. ज्यांची आई खिडकीतून डोकावत राहते, त्यांचं रडं मात्र थांबत नाही. तू फार वेळ दारात घुटमळतेस असा माझा अंदाज आहे. तुझा बाप नत्थुजीही तसाच होता. बैल विकले तरी बाजारातून पाय निघत नसे.

त्या दारं वाजवणाऱ्या माणसाचं मात्र खरं. त्याला उपाय सांगते, आणि तो उद्यापासून कर. पोरगी आत, कुलूप बाहेर. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटलं पाहिजे की घरात कोणी नाही. कुलूप बघून चोरही पुढे जातो आणि चौकशीवालाही. आत तिने गुपचूप राहायचं. टीव्हीचा आवाज लहान. कोणीही आलं, ओळखीचं असो की अनोळखी, अगदी नावाने हाक मारली तरी ओ द्यायची नाही. आमच्या शाळेतल्या नोकरी करणाऱ्या कितीतरी बाया असंच करून निभावून गेल्या, आणि त्यांच्या पोरी काही वाया गेल्या नाहीत. रागिणीला हे पाढ्यासारखं पढव. "कोणी हाक मारली तर?" असं विचारलं की तिच्या तोंडून आलं पाहिजे, "ओ द्यायची नाही."

मी येत नाही. दुसऱ्याच्या घरात मी फार दिवस टिकत नाही, हे तुला ठाऊक आहे. माझं दूध, माझी झाडं, माझा पेपर. इथे मला कोणी काही विचारत नाही आणि मलाही कोणाला "काय म्हणालात?" असं विचारावं लागत नाही. बरं आहे ते.

रागिणीला माझा पापा दे.

तुझी,
जमुनाआत्या


साईनगर, अमरावती
१४ ऑगस्ट २०२४

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार.

तुझ्या शाळेचा निकाल शंभर टक्के. महिना होत आला, कुलपाची गाडी रुळावर आहे. मी कुलूप लावते, ओढून बघते, जिना उतरते. रडणं नाही, ओढणी धरणं नाही. मला तर पहिल्या दिवशी पटलंच नाही. अर्ध्या रस्त्यातून परत येऊन जिन्यात उभी राहिले. आतून हूं की चूं नाही.

परवा कुरियरवाला आला होता, ते मला रागिणीनेच सांगितलं. त्याने दार वाजवलं, मग समोरच्या गच्चीवरून बाई ओरडल्या, "कोनी नाही जी तेथी, कुलूप दिसून नाही राह्यलं का तुले?" तो गेला. म्हणजे समोरच्यांनासुद्धा पत्ता नाही. मी रागिणीला शाब्बासकी दिली. रात्री झोपताना ती म्हणाली, "आई, मी घरात राहतो तवा घरात कोनी नसते, ना?" मला हसूच आलं. म्हटलं, हो बाई, कोणी नसतं. तेच तर आपलं गुपित आहे. तीही हसल्यासारखी झाली.

थोडं खाणं कमी झालं आहे. ताट झाकून ठेवते तसंच असतं. शाळेचा गणवेशही संध्याकाळपर्यंत बदलत नाही. परवा मी घामाघूम होऊन आले तर पंखा बंद. "पंख्याचा आवाज बाहेर जाते," म्हणाली. इतकी शिस्त मला तरी तिच्या वयात नव्हती. दाराच्या आतल्या बाजूला सतरंजीचा तुकडा टाकून तिथेच बसते, चित्रंबित्रं काढते. तिथे वारा लागत असेल.

विपुलला फोनवर सांगितलं, तो म्हणाला, आत्याबाईंना सांग, माझाही नमस्कार. मी आता कामात पहिल्यासारख्या चुका करत नाही. क्लासच्या मॅडमनी दिवाळीनंतर मला हिशेबाच्या टेबलावर घेऊ म्हटलं आहे. हे सगळं तुझ्यामुळे.

तुझी,
दामिनी


जठारपेठ, अकोला
२६ ऑगस्ट २०२४

चि. दामिनीस आशीर्वाद.

बघ, मी काय म्हटलं होतं? मुलं आपल्यापेक्षा धीट असतात. आपणच त्यांना भित्रं करतो. पंखा लावायला सांग मात्र, उकाड्याने पोर आजारी पडेल.

खालच्या चार ओळी रागिणीला वाचून दाखव.

चि. रागिणी, तू फार शहाणी आणि शूर मुलगी आहेस. आजी तुझ्यावर खूश आहे. कुरियरवाल्याला कसं फसवलंस, ते ऐकून मी एकटीच हसले. अशीच राहा. कोणी नावाने हाक मारली तर काय करायचं, ते माहीत आहे ना? विसरायचं नाही हं. महालक्ष्म्या झाल्या की तुझ्यासाठी फुलोरा ठेवीन. करंजी, वेणी, फणी, सगळं.

तुझी,
अकोल्याची आजी


जठारपेठ, अकोला
१८ सप्टेंबर २०२४

दामिनीस,

हे पत्र मी रागात लिहिते आहे आणि राग उतरायची वाट बघणार नाही.

मागच्या शुक्रवारी मी तुझ्या दारात येऊन गेले. आधी कळवलं नाही, कारण रागिणीला चकित करायचं होतं. शेजारच्या सिंधूबाईंकडच्या महालक्ष्म्यांचं विसर्जन झालं, त्यांच्याकडून देवीपुढे टांगलेला फुलोरा मागून घेतला, डब्यात भरला आणि सकाळची एसटी धरली. गाडीत इंजिनाचा आवाज कानात शिट्ट्या मारतो म्हणून मशीन काढून पिशवीत टाकलं. राजकमल चौकातून ऑटो केला. या वयात तुझा तो उभा जिना चढले.

दाराला कुलूप. ते असणारच, मीच सांगितलेलं. तू येईपर्यंत पायरीवर बसून राहायची माझी तयारी होती. म्हणून मी दार वाजवलं आणि बाहेरून सांगितलं, "रागिणी, मी अकोल्याची आजी आली व, फुलोरा आनला तुह्यासाठी." थांबले. पुन्हा हाक मारली. पुन्हा थांबले. समोरच्या गच्चीवरच्या बाईने हात हलवून कोणी नाही असं सांगितलं. पोरगी आत असती तर माझ्या हाकेला ओ दिल्याशिवाय राहिली असती का? बाकीच्यांची गोष्ट वेगळी. "कोनी नाही वाटते," म्हणाले आणि उतरले.

आता मला सांग, शुक्रवारी भर दुपारी शाळेतून आलेल्या पोरीला घेऊन तू कुठे गेली होतीस? की तिला दुसऱ्या कोणाकडे ठेवतेस आणि मला कुलपाच्या गोष्टी लिहून पाठवतेस? तसं असेल तर सरळ सांग. मी काही तुझ्या परीक्षेचे पेपर तपासायला बसलेली नाही.

डबा कोणाजवळ ठेवणार? परत घेऊन आले. बसस्टँडवर एका बाईच्या मांडीवरचं लेकरू टकमक बघत होतं, त्याला एक करंजी दिली. बाकी सगळं तसंच आहे.

जमुनाआत्या


साईनगर, अमरावती
२७ सप्टेंबर २०२४

ती. आत्यास,

रागिणी घरातच होती.

तुझं पत्र मी क्लासमधून येताना जिन्यातच फोडलं आणि तिथेच पायरीवर बसले. मग वर येऊन तिला विचारलं. मी रागावणार नाही, अशी शपथ घेतली तेव्हा बोलली. ती जे बोलली ते तसंच लिहिते, मला त्यात बदल करवत नाही.

"आजीचा आवाज मले वळखू आला. मी दारापाशीच बसली होती. पन ओ द्यायची नाही ना, म्हनून मी तोंडावर हात ठेवला. आजीनं पुन्हा आवाज देल्ला. मी अजून घट्ट हात ठेवला. मंग आजी म्हने, कोनी नाही वाटते. अन् जिना उतरून राह्यली. मंग मले राहवलं नाही. मी ओरडली. आजी मी हावो, आजी मी घरातच हावो, म्हनून ओरडली. दार वाजवलं, लय वाजवलं. आजी चालली गेली."

मी विचारलं, मग तुला काय वाटलं? म्हणाली, "मले वाटलं का मी खरंच नाही घरात."

खालचं घर बंद, समोरची बाई गच्चीवरून आत गेलेली असणार. कोणी ऐकलं नाही. त्या संध्याकाळी मी कुलूप काढलं तर दार उघडेना, ती दाराला पाठ लावून बसली होती. तळहात लाल झाले होते. कशाने, विचारलं तर "पडली" म्हणाली. घसा बसला होता, मी आल्याचा रस आणि गूळ दिला. मला वाटलं सर्दी. मी तिची आई आहे आणि मला वाटलं सर्दी!

आत्या, मशीन काढून पिशवीत टाकलंस तेव्हा एकदा तरी तुझ्या मनात आलं का, की दाराआडून कोणी बोललं तर आपल्याला कळणार कसं? आणि मी. मी तर रोज स्वतःच्या हाताने तिला कोंडून जात होते आणि तुला शंभर टक्के निकाल कळवत होते. पंखा बंद का, ताट तसंच का, ती दाराला चिकटून का बसते, हे सगळं मला दिसत होतं. मला ती शिस्त वाटली. आत आग लागली असती तर? तेही मला आताच सुचतं आहे.

मी तिला सांगितलं, बेटा, आजीला ऐकू येत नाही. तिला ते पटत नाही. तिला वाटतं मी तिची समजूत काढते आहे. "आजी तं माझं सगळं आयकते," म्हणते. आणि तुझं वागणंही खरंच तसं असतं. तू तिच्या समोर बसून तिच्या तोंडाकडे बघत मान हलवतेस, तिला कसं कळावं?

मी कुलूप लावणं बंद केलं आहे. रजा घेऊन घरी बसले आहे. पण तिच्या मनात जे बसलं ते मला काढता येत नाही. ते तुझ्याशिवाय कोणाला काढता येईल असं मला वाटत नाही.

दामिनी


साईनगर, अमरावती
१४ ऑक्टोबर २०२४

ती. आत्यास,

तुझं उत्तर नाही. फोन केला तर उचलत नाहीस. सिंधूबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, तब्येत बरी आहे, पण कोणाशी बोलत नाहीत. माझं पत्र कडक झालं असेल तर झालं. मी ते परत घेत नाही.

शाळेतून बाईंनी बोलावलं होतं. हजेरी घेताना रागिणीचं नाव पुकारलं की ती समोर बसून बघत राहते, "हजर" म्हणत नाही. बाईंना आधी खोडी वाटली. मग त्यांनी गैरहजर मांडलं. तरी गप्प. आता रोज गैरहजर लागते आणि ती रोज वर्गात असते. बाईंनी मला वही दाखवली आणि म्हणाल्या, "काय झालं आहे हिले, सांगान काय?"

घरी बोलते, पण हळू. मी स्वयंपाकघरात असले तर हाक मारत नाही, उठून येते आणि माझ्याजवळ उभी राहते. मी वळून बघेपर्यंत उभीच राहते.

क्लासच्या मॅडम म्हणतात, दिवाळीनंतर यायचं असेल तर या, नाहीतर दुसरी बघतो. ते मी बघून घेईन. तू मला लिहू नकोस हवं तर. तिला लिही.

दामिनी


जठारपेठ, अकोला
२१ ऑक्टोबर २०२४

चि. रागिणीस,
आजीचे खूप खूप आशीर्वाद.

हे पत्र तुझं आहे. आईने वाचून दाखवायचं नाही, तू स्वतः वाच. मोठ्या अक्षरात लिहिलं आहे. तुझ्या आईचं पत्र आल्यापासून मी लिहायला बसते आणि उठते. मास्तरीण असून मला साधी गोष्ट लिहिता येईना, म्हणून उशीर झाला.

रागिणी, मी बहिरी आहे. आई खोटं बोलत नाही. शाळेतून निवृत्त झाले त्यानंतर माझे कान हळूहळू गेले. आधी कुकरची शिट्टी गेली, मग दाराची बेल, मग माणसं. तू माझ्याशी बोलतेस तेव्हा मी तुझ्या ओठांकडे बघते आणि त्यावरून ओळखते. तू मान खाली घालून बोललीस किंवा हसत हसत बोललीस की मला काही समजत नाही. तेव्हा मी नुसती मान हलवते. तू मला गॅदरिंगमधलं गाणं म्हणून दाखवलंस ना, ते मी ऐकलेलं नाही. तू छान हातवारे करत होतीस, म्हणून मी टाळ्या वाजवल्या.

हे मी सगळ्यांपासून लपवलं. लोक बहिऱ्या माणसाला वेड्यात काढतात, दुसरीकडे तोंड करून हसतात. तुला कळलं तर तू माझ्याशी बोलायचं सोडशील, असंही मला वाटलं. म्हणून मीच आईला सांगितलं होतं की रागिणीला सांगू नकोस.

त्या दिवशी दार बंद होतं. बंद दारातून ओठ दिसत नाहीत. तू घरात होतीस. तू हाक मारलीस, दार वाजवलंस, सगळं केलंस. तुझा आवाज दारापर्यंत आला, दाराच्या बाहेरही आला, माझ्या पाठीपर्यंतसुद्धा आला असेल. मला तो ऐकू आला नाही. यात तुझी काहीच चूक नाही. ओ द्यायची नाही हे मी तुला शिकवलं, ते चुकीचं शिकवलं. चांगली चाळीस वर्षं शिकवून मी शेवटी हे शिकवलं. आपल्याकडे मोठी माणसं लहानांची माफी मागत नाहीत. मी मागते. मला माफ कर बेटा.

आता एक गोष्ट सांगते, ती तुझ्या आईलाही माहीत नाही. मलाही भेव लागते. घराचंच. तुझ्या आईने जुलैत मला लिहिलं होतं की रागिणीला घराचं भेव लागतं, तेव्हा मी ते थट्टेवारी नेलं. पण मला ते वाचताक्षणी समजलं होतं. मी एकटी घरात असते आणि कोण आलं, कोण गेलं, मला कळत नाही. मागे एकदा मी पोळ्या करत होते आणि सिंधूबाईंचा अद्वैत भाजीची वाटी द्यायला मागच्या दाराने आला. त्याने बिचाऱ्याने हाका मारल्या असतील. मग खांद्याला हात लावला. मी इतकी किंचाळले की त्याच्या हातातली वाटी पडली. तेव्हापासून मी भिंतीला पाठ लावून दाराकडे तोंड करून बसते. दुपारी झोपत नाही. पेपर वाचते म्हणते, पण दोन ओळी वाचल्या की वर बघते. मला इथे बरं आहे असं मी तुझ्या आईला लिहिलं होतं, ते खरं नव्हतं.

आता मी मशीन लावते. त्यातून माणसं पत्र्याच्या डब्यात बसून बोलल्यासारखी ऐकू येतात. डॉक्टर म्हणाले, सवय होईल, पण सगळं ऐकू येईल असं नाही. तेही तुला आत्ताच सांगून ठेवते.

मला तुझ्याकडे राहायला यायचं आहे. दिवाळीपुरतं नाही, कायमचं. मी तुला सांभाळायला येत नाही. तुला दुपारी भेव लागतं आणि मलाही लागतं, म्हणून येते. आईला कामावर जाऊ दे. तुला काही हवं असलं तर लांबून हाक मारायची नाही, जवळ येऊन माझा पदर ओढायचा. मी किंचाळले तरी घाबरायचं नाही. दाराला बाहेरून कुलूप लागणार नाही, हे मी आईलाही सांगते आहे.

पण घर तुझं आहे. तू नको म्हणालीस तर मी येणार नाही आणि रागावणारही नाही. मात्र जे असेल ते लिहून कळव. गप्प राहू नकोस.

तुझी,
अकोल्याची आजी


साईनगर, अमरावती
२६ ऑक्टोबर २०२४

प्रिय अकोल्याच्या आजीस,
रागिणीचा नमस्कार.

तुझं पत्र मी स्वतः वाचलं. 'निवृत्त' आणि 'थट्टेवारी' हे दोनच शब्द अडले. ते आईने सांगितले.

तू बहिरी आहे हे आई सांगत होती तेव्हा मला खोटं वाटलं होतं. मला वाटलं होतं की तुला ऐकू आलं आणि तू तरी गेली. मला तुझा खूप राग आला होता. तुझ्या बांगड्यांचा आवाज मला येत होता, इतकी तू जवळ होती. आता राग नाही. थोडा आहे.

तुला भेव लागतं हे वाचून आई रडली. मी नाही रडली. मला वाटलं, बरं झालं, तुलापण लागतं. मला वाटायचं की मोठ्या माणसांना लागत नाही आणि मलाच लागतं. तू दुपारी झोपत नाही ना, मीपण झोपत नाही.

काल बाईंनी माझं नाव घेतलं तेव्हा मी हात वर केला. बोलली नाही, नुसता हात केला. बाई म्हणाल्या, चालेल. त्यांनी हजर लावलं.

गाणं मी तुला परत म्हणून दाखवीन. समोर बसून आणि हळूहळू म्हणीन. ते लांब आहे, तुला बसावं लागेल.

तू ये. कायमची ये. तू माझ्या बाजूच्या पलंगावर झोप, तिथे भिंत आहे आणि दार पण दिसते. कोणत्या दिवशी येते ते आईला कळव. त्या दिवशी मी घरात बसणार नाही. मी खाली रस्त्यावर येऊन फाटकाच्या बाहेर उभी राहीन. मग तुला हाक मारायची गरज नाही, ऑटोतूनच मी तुला दिसेन.

तुझी,
रागिणी